विसावा निर्देशांक

जी वस्तू एकदा बसली ती आपण होऊन उठत नाही, हा सृष्टीचा नियम आहे. डोंगराला तो लागू आहे, पाहुण्यांना आहे, आणि धुण्याच्या साबणाच्या खोक्यांना तर विशेषच आहे. वितरणशास्त्राचा उगम याच सत्यातून झाला असावा. (मी या शास्त्राची पदवी घेतलेली नाही. आमच्या घाऊक पेढीच्या फोनजवळ एकवीस वर्षं बसले आहे, आणि कोणाला नावं ठेवायची नाहीत हा नेम पाळते. तेव्हा पुढे जे येईल ते कौतुकच समजावं.)

आमची पेढी एकाच कंपनीचा साबण, कपड्यांची पावडर आणि टूथपेस्ट दोनशे बारा दुकानांना पुरवते. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षांपूर्वी ती सुरू केली. कामाची पद्धत फार मागासलेली होती. दुकानदार फोन करायचा, मी वहीत लिहून घ्यायची, गोदामकाका खोकी काढून ट्रकवर चढवायचे आणि संध्याकाळच्या आत माल दुकानात पडायचा. गोदामकाका म्हणजे आमच्या गोदाम विभागाचे एकतीस वर्षांचे प्रमुख, आणि त्या विभागातले एकमेव कर्मचारी. कोणत्या दुकानात काय संपत आलंय ते त्यांना दुकानदाराच्या आधी कळायचं. कसं कळतं म्हणून विचारलं तर सांगायचे, "फोनवरच्या आवाजावरून." एवढ्यावर कोणतंही धोरण आखता येत नाही, हे उघड आहे. शिवाय या पद्धतीत एक गंभीर दोष होता. ती चालत होती, पण चालताना पडद्यावर दिसत नव्हती.

एका सोमवारी कंपनीचं पत्र आलं. पत्र अतिशय नम्र होतं. यापुढे प्रत्येक वितरकाने कंपनीचं सॉफ्टवेअर बसवावं. खोकं कारखान्यातून निघाल्यापासून त्यातला माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत एकेका जागी सरासरी किती दिवस बसून राहतो, हे त्यातून मोजलं जाईल. या आकड्यास 'विसावा निर्देशांक' म्हणावं, आणि नव्वद दिवसांत तो एकाच्या खाली आणावा. न आणल्यास एजन्सी समोरच्या पेढीला द्यावी लागेल, आणि तसं करताना कंपनीला मनापासून वाईट वाटेल.

आमचा निर्देशांक तेव्हा अकरा पूर्णांक चार होता. एजन्सीवर चौदा घरांच्या चुली पेटत होत्या. त्यातली एक आमची, एक काकांची.

मामंजींनी पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि माझ्या धाकट्या दिरांना विचारलं, "एकाच्या खाली म्हणजे काय रे? माल उडत जायला हवा का?"

"बाबा, तुम्ही काळजी करू नका. सल्लागार येतोय."

"तो किती वर्षं साबण विकतोय?"

"तो विकत नाही. सल्ला देतो."

"मग बरोबर आहे," मामंजी म्हणाले. "त्याला गोदाम लागत नसेल."

सल्लागार आला. अत्यंत सालस माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी चहाला नाही म्हटलं नाही. त्याने गोदामात पाऊलही न टाकता गोदामाचे सतरा दोष सांगितले. आम्ही तिथे रोज जात असूनही आम्हाला चारच ठाऊक होते. मग प्रत्येक खोक्यावर एक चिकटपट्टी आली, ती वाचणारं पिस्तुलासारखं यंत्र आलं, आणि प्रत्येक ट्रकला एक डबी बसली, जी ट्रक कुठे आहे आणि किती वेगात आहे ते सांगत असे. काकांनी ते यंत्र आधी कानाला लावून पाहिलं. ते टिंग वाजलं. "बोलतंय बरं का," ते समाधानाने म्हणाले, आणि त्या दिवसापासून साडेचार हजार खोक्यांना त्यांनी एकेक करून टिंग केलं.

सॉफ्टवेअरला त्याचं श्रेय दिलं पाहिजे. पहिल्याच महिन्यात पाण्याच्या टाकीमागे दाढीच्या साबणाची साठ खोकी सापडली. ती चार वर्षं तिथे होती. काका म्हणाले, "मला ठाऊक होती की. पण कोणी विचारलं नाही." सॉफ्टवेअरने विचारलं, हाच तर माणसात आणि त्याच्यात फरक. ती खोकी निघाली, जास्तीची मागणी थांबली, ट्रकचे फेरे नीट आखले गेले, आणि निर्देशांक सहावर आला, मग चारवर. इथपर्यंत सगळं इतकं बरं चाललं होतं की यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

चारावर तो बसला. (तोही सृष्टीचाच भाग आहे.)

सेहेचाळिसाव्या दिवशी नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. तीन ट्रक सकाळी भरून निघाले, वळणावळणाने दिवसभर फिरले, एकाही दुकानापर्यंत पोचले नाहीत आणि सगळा माल घेऊन परत आले. मी दोनशे बारा दुकानांची माफी मागण्याच्या तयारीत होते, तेवढ्यात दीर पडद्याकडे बघून ओरडले, "वहिनी, तीन पूर्णांक सहा!"

"काय तीन?"

"निर्देशांक! उतरला!"

त्या दिवशी आम्ही साबणाची एक वडीही विकली नव्हती.

सल्लागाराने दोन दिवस अभ्यास केला आणि सत्य शोधून काढलं. ताशी पाच किलोमीटरहून अधिक वेगाने चाललेल्या वाहनातला माल सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बसलेला नसतो. त्याने आम्हाला एका खोक्याचं आयुष्य मांडून दाखवलं: गोदामात विसावा एक पूर्णांक आठ दिवस, ट्रकमध्ये शून्य, दुकानाच्या फळीवर नऊ दिवस. तिघांची सरासरी तीन पूर्णांक सहा. (उतरवून घ्यायला पंचवीस मिनिटं लागतात, त्यातली अठरा दुकानदाराशी बोलण्यात जातात, ती त्याने उदारपणे सोडून दिली.)

आकडे समोर असले की माणसाला फार विचार करावा लागत नाही. चाळीस वर्षं आम्ही गोदामाला दोष देत होतो, आणि माल खरा बसत होता तो दुकानात. आम्ही मरमर करून तो तिथे नेत होतो, आणि तिथे पोचल्याबरोबर तो नऊ दिवस बैठक मारत होता. वितरणातला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे माल पोचणं, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

नवं धोरण एका पानाचं होतं. त्यातली मुख्य कलमं अशी: सर्व माल वाहनात राहील. कामाच्या वेळेत, म्हणजे सकाळी सात ते रात्री नऊ, वाहन थांबणार नाही. (रात्रीचा विसावा सॉफ्टवेअर मोजत नाही.) दुकानदारांशी संबंध पूर्वीप्रमाणेच जिव्हाळ्याचे राहतील.

ट्रक तीनाचे नऊ झाले. गोदाम रिकामं झालं, इतकं की काका खोकले की खोकला परत यायचा. नऊ ट्रक सकाळी ओळीने निघायचे आणि ठरलेल्या नऊ मार्गांवरून गोल फिरायचे. इंधनासाठी थांबावं लागतं ही उणीव सल्लागाराने 'इंजिनाच्या मर्यादा' या मथळ्याखाली नोंदवली. निर्देशांक दोनाच्या खाली गेला. मामंजींना पहिल्यांदाच शांत झोप लागली.

दुकानदारांचे फोन मात्र वाढले. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बाई माझ्या जुन्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, "अहो ताई, तुमचा ट्रक दिवसातून चार वेळा माझ्या दारावरून जातो."

"हो, नियमित आहे आता," मी म्हटलं.

"मी हात करते."

"मग?"

"मग ड्रायव्हर पण हात करतो!"

"आपला ड्रायव्हर स्वभावाने चांगलाच आहे."

"ताई, मला हात नकोय, साबण हवाय. फळीवर एक वडी उरलीय, ती मी विकत नाहीये, नुसती दाखवतेय."

मी त्यांचं म्हणणं वहीत लिहून घेतलं. सल्लागाराने ते वाचून सांगितलं की फळीवर एकच वडी उरली आहे ही गोष्ट अत्यंत उत्साहवर्धक आहे.

पंच्याऐंशीव्या दिवशी निर्देशांक एक पूर्णांक शून्य दोन होता. पाच दिवस उरले होते. शून्य दोन कुठे अडलंय ते कोणालाच कळेना. दीर जेवेनात. आमचे हे, जे एरवी कशात पडत नाहीत, तेही येऊन दोनदा पडद्यासमोर उभे राहिले. शेवटी सल्लागाराने शोधून काढलं. गोदाम रिकामं असलं तरी सॉफ्टवेअरमध्ये ते बंद दिसत नव्हतं, कारण तिथे एक कर्मचारी रोज हजर होता. कर्मचारी हजर म्हणजे गोदाम चालू, गोदाम चालू म्हणजे जागा अडलेली, आणि अडलेल्या जागेचा विसावा आमच्या खात्यावर.

काका रिकाम्या गोदामात स्टुलावर बसले होते. सवयीने दाराकडे तोंड करून.

"त्यांना सेवेतून मुक्त केलं की शून्य पूर्णांक नव्याण्णव," सल्लागार हळुवारपणे म्हणाला. त्याच्या आवाजात कुठेही कठोरपणा नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करते.

मामंजी उठून उभे राहिले. "चौदा घरं वाचवायला निघालो होतो," ते म्हणाले. "तेरा मोजायला मला नाही येत."

मग दिरांनी पडद्यावर काहीतरी करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. काकांची हजेरी गोदामावरून काढून ट्रक क्रमांक नऊवर टाकली, तर काका सेवेतही राहत होते आणि बसलेलेही दिसत नव्हते. माणुसकी आणि धोरण यांचा असा मेळ मी तरी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकांना ट्रकमध्ये मागे, पावडरीच्या खोक्यांमध्ये, स्टुलासकट चढवलं. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून दोन ड्रायव्हरांनी उचललं. त्यांच्या सदऱ्यावर चिकटपट्टी लावायची का, यावर थोडी चर्चा झाली. लावली.

"जेवायला उतरायचं कधी?" काकांनी विचारलं.

"काका, दिवसा उतरणं सध्या धोरणात नाही," दीर म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं.

"आणि मी मागे करायचं काय?"

"काही नाही. फक्त चालत राहायचं."

"बसून?"

"हो, बसून."

काकांनी मान हलवली. एकतीस वर्षांत त्यांनी आमचं कोणतंही काम नाकारलेलं नाही.

नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी निर्देशांक शून्य पूर्णांक नव्याण्णव होता. एजन्सी वाचली, चौदाही चुली वाचल्या. कंपनीने आम्हाला त्या वर्षीचा सर्वोत्तम वितरक ठरवलं आणि एक काचेचा चषक पाठवला. तो ठेवायला जागा नव्हती, कारण कपाटात ठेवला तर तो बसला असता. तो ट्रक क्रमांक चारमध्ये आहे.

राहता राहिल्या तक्रारी. त्यावर कंपनीने जो उपाय काढला, त्यापुढे मी खरोखर हात जोडले. दुकानदारांच्या फोनवर एक नकाशा दिला. त्यावर आपला ट्रक एका निळ्या ठिपक्याच्या रूपाने हलताना दिसतो, आणि खाली लिहून येतं: 'आपला माल मार्गावर आहे.' आठ दिवसांत तक्रारी शेकडा चौऱ्याण्णवने घटल्या. कोपऱ्यावरच्या बाईंनी तर फोन गल्ल्यावर गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवला. गिऱ्हाइकं रांग लावून ठिपका बघतात. परवा त्या मला म्हणाल्या, "ताई, आता काही म्हणणं नाही माझं. येतोय ना, दिसतंय." त्यांचे हात साबणाअभावी अगदी काळे झाले होते, पण चेहरा प्रसन्न होता.

काकांच्या जेवणाची सोय मी माझ्यापुरती लावली होती. आमच्या कचेरीसमोर चौक आहे. तिथे वळताना ट्रक हळू होतो. मी एक वाजता डबा घेऊन उभी राहायची, काका मागून हात खाली घालायचे, आणि मी तो हातात द्यायची. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "वहिनी, पाणी राहिलं," तोवर ट्रक वळला होता. म्हणून पुढे मी ड्रायव्हरला विनंती केली, आणि तो पाच मिनिटं ट्रक थांबवू लागला. काका घाईने जेवायचे. पाच मिनिटांनी आकड्यात फरक पडत नव्हता, मी दिरांकडून खात्री करून घेतली होती.

ठिपक्याची ही सोय आता कंपनीने तुम्हा सर्वांच्या, म्हणजे घरोघरच्या गिऱ्हाइकांच्या फोनवरही दिली आहे. तुम्ही ती मोठ्या आवडीने वापरता, हे आम्हाला आकड्यांवरून दिसतं: दिवसाला सरासरी अकरा वेळा. ट्रक रिकामा आहे की भरलेला, कुठे चाललाय, त्यात कोण आहे, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. मात्र गेल्या मंगळवारी दुपारी एक वाजता ट्रक क्रमांक नऊचा ठिपका चौकात थांबलेला तुम्हाला दिसला, आणि चौथ्या मिनिटाला तुम्ही एक तारा देऊन तक्रार नोंदवलीत.

झालेल्या गैरसोयीबद्दल मी तुमची क्षमा मागते. डबा बंद केला आहे. ठिपका आता थांबणार नाही.