दगडांना ओलं फडकं

दगड सांभाळणं हे माणसं सांभाळण्यापेक्षा जास्त जबाबदारीचं काम आहे. माणूस तक्रार तरी करतो. हे ओळखून आमच्या संग्रहालयाच्या खनिज विभागाने एक समिती नेमली, तिच्यावर देखरेखीला दुसरी, आणि दोघींसाठी एक पंखा आणला. (पंखा चालू आहे.)

समितीने आधी व्याख्या केली. चिठ्ठी असलेला दगड तो 'नमुना', नसलेला तो नुसता दगड. (कर्मचाऱ्यांनाही हेच लागू आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवलं की कुणीही नमुनाच.)

मग स्वच्छतेचा ठराव झाला: दर सोमवारी प्रत्येक नमुना ओल्या फडक्याने पुसावा. ग्रॅनाइट उजळला, गारगोटी चमकली, अहवालात 'समाधानकारक' हा शब्द आला. अडून बसल्या त्या फक्त संग्रह सांभाळणाऱ्या बाई. त्यांचा जीव सैंधवाच्या स्फटिकावर. नोकरीच्या पहिल्या वर्षी खाणीत उतरून त्यांनीच तो आणला होता.

"साहेब, ते मीठ आहे. विरघळतं."

"बाई, आपल्याकडे दगडादगडांत भेदभाव चालत नाही," समितीचे साहेब म्हणाले. तत्त्व म्हणून यात खोट काढायला जागा नाही.

स्फटिक मुठीएवढा होता तो लिंबाएवढा झाला, मग वाटाण्याएवढा. समितीने ही 'जागेची बचत' मानली. एका सोमवारी फडकं फिरलं आणि काचेमागे नुसती चिठ्ठी उरली: 'सैंधव. अत्यंत दुर्मीळ.' चिठ्ठी मात्र नव्यासारखी होती, कारण ती कोरड्या फडक्याने पुसतात.

बाई कपाटामागे जाऊन रडल्या. मग डोळे पुसून समितीपुढे उभ्या राहिल्या, कारण शेजारीच मोरचुदाचा निळाशार खडा अर्ध्यावर आला होता आणि तोही पाण्यात टिकत नाही.

समितीने शांतपणे विचार केला. व्याख्येला चिठ्ठी लागते आणि चिठ्ठी जागेवर आहे, तेव्हा नमुना गेला असं म्हणता येणार नाही. तरीही साहेब मनाने मोठे. "महिनाभरात तिकीट काढून आलेल्या एकाने जरी विचारलं की दगड कुठाय, तर फडकं कायमचं बंद. तोवर महिनाभर ते दोरीवर वाळत राहील. शब्द देतो."

बाई महिनाभर त्या काचेपाशी उभ्या राहिल्या. लोक येत, चिठ्ठी वाचत, 'वा' म्हणत आणि पुढे सरकत.

शेवटच्या दिवशी, बंद व्हायच्या जरा आधी, तुम्ही आलात. आठवत असेल, बरोबर छोटी भाची होती. (लहान मुलांना तिकीट नाही.) मोरचुदाचा निळा रंग तिला फार आवडला. मग सैंधवाच्या काचेपुढे तुम्ही चिठ्ठी तिला मोठ्याने वाचून दाखवलीत.

"पण यात काहीच नाहीये," भाची म्हणाली.

बाईंनी मोठ्या आशेने तुमच्याकडे पाहिलं.

"नीट बघ," तुम्ही म्हणालात, "दुर्मीळ आहे."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता.