खर्जाची तार

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या भजनात वडिलांचाच तंबोरा वाजवायचा, असं सिंदीच्या रूपरावांनी ठरवलं. (वाजवता येत नव्हता, पण ठरवायला काय लागतं?) तंबोऱ्याच्या तीन तारा शाबूत होत्या. चौथी, सगळ्यांत जाड आणि खोल आवाजाची, खर्जाची तार मात्र रूपरावांच्या आठवणीतही कधी नव्हती. बाबा गेल्यापासून त्यांची आई देवकाबाई हसायचीच थांबली होती. घरात तो घुमारा उठला तर माय एकदा तरी हसेल, एवढीच रूपरावांची आस.

"राहू दे ना बाप्पा," माय म्हणाली. "तीन तारा लय झाल्या."

मोठी माणसं 'राहू दे' म्हणाली की 'कर' असं समजायचं, हा रूपरावांचा पक्का सिद्धांत होता. ते वर्ध्याला गेले.

"किती नंबरची देऊ? पोलादी का पितळी?" दुकानदारानं विचारलं.

रूपराव जिनिंगमध्ये कारकून. कापसाचा धागा त्यांना चिमटीत कळे. तारेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "चकचकीत असली तर बरं," ते ऐटीत म्हणाले.

ती चकचकीत पोलादी तार केसाएवढी बारीक निघाली. छेडली की कानाशी कुणीतरी गुणगुणे.

"भजन हाय का मच्छर सोडून राह्यले?" त्यांच्या बायकोनं, शकुंतलाबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

मग रूपरावांनी सायकलच्या ब्रेकची तार काढून लावली. जाडी अगदी मनासारखी! खुंटी पिळली, आणखी पिळली, आणि तारांखालची घोडी उडाली ती थेट वरणाच्या पातेल्यात.

"आता बैलाची वेसन लावा," शकुंतलाबाई घोडी पुसत म्हणाल्या. "तेवढीच राह्यली." (सायकलला ब्रेक नाही हे रूपरावांना दुसऱ्या दिवशी उतारावर आठवलं.)

खरचटलेला गुडघा सांभाळत ते जिनिंगच्या फाटकात पोचले, तर समोरून पिंजारी येत होता. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली, म्हणजे पिंजण, आणि गिऱ्हाइकांना कळावं म्हणून अंगठ्यानं तिची दोरी छेडत चाललेला: धुंऽय, धुंऽय.

रूपराव जागच्या जागी उभे राहिले. हाच तो खर्ज!

"चाचा, कोणती तार हाय हे?"

"तार नहीं साहब, तांत है. बकरे की अंतडी."

(हे भजनी मंडळींना सांगायचं नाही, असं रूपरावांनी तिथेच ठरवलं.) पिंजाऱ्याकडची एक जुनी तांत त्यांनी मागून आणली.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी महादेवरावांची भजनी मंडळी ओसरीवर बसली. रूपरावांनी डोळे मिटून तांत छेडली. धुंऽऽय! आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पुन्हा धुंऽऽय! गल्लीत दारं उघडू लागली, पावलं वाजू लागली. लोक येऊन राह्यले! रूपरावांचा ऊर भरून आला. आणखी जोरात छेडून त्यांनी डोळे उघडले.

समोर शेजारच्या तानाबाई, डोक्यावर गाठी झालेली गादी. मागं नलू, दोन काखांत दोन उशा. त्यामागं लक्ष्मणराव अख्खी रजई ओढत आलेले.

"पिंजारी कोठी हाय?" तानाबाईंनी विचारलं.

"पिंजारी नाई वं काकू, मी तंबोरा वाजवून राह्यलो."

"मंग माही गादी कोन पिंजन?"

महादेवराव म्हणाले, "आनल्याच हाय तं हाथरा. बसाले होते."

इतक्यात आतून हुंदक्यासारखा आवाज आला. रूपराव घाबरून धावले. माय तोंडात पदर कोंबून गदागदा हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगदी असाच वाजे रे तुह्या बाबाचा," ती धापा टाकत म्हणाली. "त्यायनंबी पिंजाऱ्याचीच तांत लावली होती. असेच लोक गाद्या घेऊन आलते."

रूपरावांचे डोळे भरले. "मंग ते तांत कोठी गेली, माय?"

"मीच काढून चुलीत टाकली," माय डोळे पुसत म्हणाली आणि तिनं हात पुढं केला. "आन, तुहीबी दे इकडं."