शेटच्या शेतात वेठबंदी

आमच्या भिवपुरीकडं असं नाटक कुनी केलं नाय नि करनार बी नाय! माझा आजा भिवाजी नि त्याच्या जोडीची मानसं खोताच्या शेतावर वेठीला जायची, म्हनजे फुकट राबायची. एका साली ऐन कापनीत विळे बांधावर टाकून बसली. वेठ मोडली. तेच आमी दर साली करून दावतो.

यंदा मी म्हनलं, पडदा-बिडदा नको, पिकल्या भातात करू. पन आमच्या शेतात आता बिल्डिंगी उगवल्यात. म्हनून फार्महाऊसवाल्या नीलेशशेटला इचारलं.

"घ्या की, धर्माजी. जाताना तेवढा भात कापून द्या. मानसं तर हायतच तुमची."

"त्यात काय," मी म्हनलं. घरी बोललो नाय. जोशात शेत कवा साफ होईल, कळायचं बी नाय कुनाला.

खोत मीच. दुसरा कुनी होईना. फेटा बांधून, गाभन म्हशीवानी पोट काढून बांधावर उभा ऱ्हायलो. समोर भातात आख्खी वस्ती, पुढारीन आमची गंगाबाई, नि बघायला आजूबाजूच्या गावची मानसं.

"कापा रं!"

"नाय कापनार," गंगाबाई म्हनली. लगीन झाल्यापासनं मला नायच म्हनत आलीय, अडखळतीय कशाला?

विळे पडले, खोत हरला, टाळ्या झाल्या. तेवढ्यात शेट पुढं आला. "मस्त! चला, आता कापायला घ्या. धर्माजींनी कबूल केलंय."

थापायच्या आधी पिठाच्या गोळ्याकडं बघावं तसं गंगाबाईनं माझ्याकडं बघितलं.

"मजुरी काय देनार, शेट?"

"मजुरी कसली, मावशी? शेत दिलं की नाटकाला."

ती परत खाली बसली. समदी बसली. बघनाऱ्यांना वाटलं दुसरा अंक, त्यांनी परत टाळ्या वाजवल्या.

"धर्माजी, सांगा यांना," शेट वैतागला.

मी घसा साफ केला. "अगं, मानसानं शेत दिलं..."

"बघा गं, खोत अजून खोतच हाय," म्हातारी चंद्राबाई म्हनली. "भिवाजीचा नातू ना रं तू?"

लागलं मला. फेटा काढला, बांधावर ठेवला, त्यांच्यात जाऊन बसलो. "शेट, मजुरीबिगर काडी हलनार नाय."

शेटनं भरून आलेल्या आभाळाकडं बघितलं, मग झुकलेल्या भाताकडं. "बरं बाबा, चालू रोजानं देतो."

शेत कापून झालं. शेट पैसे वाटाय लागला, तसा मी बी हात पुढं केला.

"यांना नको," गंगाबाई म्हनली. "यांनी फुकट कबूल केलंय. शब्दाला जागू द्या."

आज्यानं वेठ मोडली ती मोडलीच. आता वस्तीत शेवटचा वेठबिगार म्हनून माझंच नाव घेतात.