बायको वारल्यास पैसे परत

"परीक्षेची तारीख बदलली," गाडीमास्तर म्हणाले आणि परत चहा प्यायला लागले.

पार्लरताई आरशासमोर केस बांधत होती. तिचे हात डोक्यावरच राहिले. "बदलून कधीची झाली?"

"शुक्रवार-शनिवार."

"कुठला शुक्रवार?"

"तोच."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तोच म्हणजे समुद्रकाठच्या हॉटेलातला शुक्रवार! लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून तिने दोन दिवसांसाठी खोली घेतली होती, तीही पार्लरच्या नव्या खुर्चीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. वीस वर्षांत हे दोघं मिळून कुठे गेले असतील तर ते दुसऱ्यांच्या लग्नांना आणि दवाखान्यात. खोली स्वस्त पडली, कारण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पैसे परत मिळणार नाहीत. "आपल्याला कशाला हवेत परत?" असं म्हणत ताईने खुशाल बटण दाबलं होतं.

"मग ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना सांगा ना, मला जमणार नाही म्हणून!"

"हं," मास्तर म्हणाले.

या एका 'हं'वर ताईने आजवरचा संसार केला होता. मास्तर मोटार शिकवायचे आणि शिकणाऱ्यांना लायसनच्या परीक्षेला न्यायचे. दिवसभर "ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!" असं ओरडायचे आणि घरी आले की मौनात जायचे. ताई बोलायची, ते जेवायचे. "दगडाशी लग्न लावलंय माझं," असं ती गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायची. गिऱ्हाईक गेलं की मात्र तिला ते खरं वाटायचं आणि रडू यायचं. निदान समुद्राकडे बघून तरी हा माणूस आपल्याशी चार शब्द बोलेल, एवढ्याच आशेवर तिने ती खोली घेतली होती. आता आशा तर गेलीच होती, पैसे तरी का सोडायचे? मास्तर कामावर गेल्यागेल्या तिने हॉटेलला फोन लावला.

"तारीख बदलत नाही, नाव बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत," मॅनेजरबाईंनी एका दमात सांगितलं. "आपलं नाव?"

"नावाचं राहू द्या, मी आपली नुसती चौकशी करतेय. म्हणजे काही झालं तरी मिळत नाहीत?"

"बुकिंगवर ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी कुणी वारलं, तरच."

"वारलं तर सगळे मिळतात?"

"सगळे."

ताईने फोन ठेवला आणि दुपारी मास्तर जेवायला बसल्यावर सरळ मुद्द्यालाच हात घातला. "अहो, आपल्यापैकी एकाला मरावं लागणार."

मास्तरांना ठसका लागला.

"खरोखर नव्हे हो, फोनवर! मी तुम्हालाच मारणार होते. पण त्या बाईने सकाळी माझा आवाज ऐकलाय, म्हणजे फोन तुम्हीच करायला हवा. म्हणजे आलं माझ्यावरच."

"मला खोटं बोलता येत नाही."

"तुम्हाला बोलताच येत नाही, खरं-खोटं पुढचं! 'बायको गेली' एवढंच म्हणायचं आणि नेहमीसारखं गप्प बसायचं. लोकांना वाटेल, दुःखाने वाचा बसली."

पार्लर घराच्याच पुढच्या खोलीत होतं. ताईने दार लावून घेतलं, मास्तरांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, स्पीकर चालू केला आणि स्वतः मागे उभी राहिली. आरशात दोघांचे चेहरे एकमेकांना दिसत होते.

"माझी बायको..." मास्तर बुकिंगचा नंबर सांगून म्हणाले आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसले.

"काय झालं त्यांना?"

"गेली."

"अरे देवा! कशाने हो?"

हे काही ठरलं नव्हतं. मास्तरांनी आरशात बघितलं. ताईने घाईघाईने छातीवर हात ठेवून हृदयविकाराची खूण केली, पण मास्तरांना ती समजली नाही.

"जिन्यावरून पडली."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. एवढी धडधाकट बाई, आणि मरण काय, तर जिन्यावरून पडून!

"कधी?"

"आज दुपारी."

"आज? आणि तुम्ही घरात एकटे आहात? दादा, बोला माझ्याशी. मन मोकळं करा. कशा होत्या त्या?"

आता फोन ठेवा, असं ताई हातवारे करून सांगत होती. पण मास्तर तिच्याकडे बघतच नव्हते.

"बडबडी होती," ते म्हणाले. "फार बडबडी. कुणाचे केस पिकले, कुणाची सून रुसली, सगळं मला सांगायची. तिला वाटायचं, माझं लक्ष नाही. पण मला सगळं पाठ आहे."

ताईचे हात हवेतच थांबले.

"मी मोटार शिकवतो, बाई. रोज शेजारी नवा माणूस बसतो आणि मला ट्रकखाली घालायला बघतो. दिवसभर पोटात गोळा असतो माझ्या. संध्याकाळी दारात आलो की आतून तिचा आवाज येतो, तेव्हा जिवात जीव येतो. वाटतं, आज वाचलो, घरी आलो. मी मध्ये बोललो तर ती थांबेल, म्हणून मी बोलत नाही." मास्तरांचा आवाज फाटला. "आता घरात आवाजच नसेल, तर मी यायचं कुठे?"

आणि मास्तर चक्क रडायला लागले. फोनमधून मॅनेजरबाईंचे हुंदके येऊ लागले. ताईला तर धक्काच बसला. तिला एकाच वेळी रडायचं होतं, त्यांना जवळ घ्यायचं होतं आणि "हे आधी सांगता येत नव्हतं का?" म्हणून भांडायचंही होतं. पण मेल्यावर तोंड उघडता येत नाही. तिने ओठ गच्च मिटून खुर्चीची पाठ धरून ठेवली.

"फार हुशार असतील हो," मॅनेजरबाई नाक ओढत म्हणाल्या.

"हुशार होती. गाडी मात्र तिला आली नाही. माझ्या हाताखाली शिकून तीनदा नापास झाली."

"दोनदा!" ताई कडाडली.

फोनमधलं रडणं थांबलं.

"कोण बोललं?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"तिची... बहीण," मास्तर म्हणाले.

"हा आवाज मी ओळखते. सकाळी फोन केला होता तुम्ही. नाव सांगितलं नाहीत. कुणी वारलं तर सगळे पैसे मिळतात ना, हे मात्र खोदून खोदून विचारलंत." मॅनेजरबाईंचा आवाज एकदम गार पडला. "आणि दुपारी बाई जिन्यावरून पडल्या."

ताई फोनवर वाकली. "अहो, नाही! पडली नाही ती!"

"म्हणजे ढकललं?"

"कुणी ढकललं नाही! जिनाच नाही आमच्या घरात! मीच ती! मी जिवंत आहे!"

"असं कुणीही म्हणेल."

"अहो, सांगा ना त्यांना!" ताईने मास्तरांना गदागदा हलवलं.

"हं," मास्तर म्हणाले.

तेवढ्या 'हं'ने दोघांचं व्हायचं ते झालं. "हे बघा," मॅनेजरबाई म्हणाल्या, "बुकिंग शुक्रवारचं आहे. शुक्रवारी दोघांनी ओळखपत्र घेऊन माझ्यासमोर उभं राहायचं. नाही आलात, तर शनिवारी मी पोलिसांत जाणार." फोन बंद झाला.

दोघं आरशातून एकमेकांकडे बघत राहिले. एरवी ताईने त्या तीनदा-दोनदावरून घर डोक्यावर घेतलं असतं. आज ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"ते खरं होतं?" तिने कसंबसं विचारलं.

"जेवण गार झालं," असं म्हणून मास्तर उठून गेले.

रजेचं काम फारच सोपं निघालं. "शुक्रवारी बायको जिवंत दाखवली नाही, तर मी खुनात अडकेन," असं मास्तरांनी मालकांना सांगितलं. मास्तरांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मालकांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते घाबरले, दोन्ही दिवस परीक्षेला स्वतः जायला तयार झाले आणि वर विचारलं, वकील बघून ठेवू का म्हणून.

शुक्रवारी हॉटेलच्या काउंटरवर मॅनेजरबाईंनी ओळखपत्र बघितलं, ताईचा चेहरा बघितला, परत ओळखपत्र बघितलं आणि खात्रीसाठी तिला दंडाला धरून जरा दाबूनही बघितलं.

"जिवंत आहात," त्या म्हणाल्या. "पैसे आता काही मिळायचे नाहीत. पण काय हो बोलले हे तुमच्याबद्दल! मी घरी गेल्यावर आमच्या ह्यांना विचारलं, मी गेले तर तुम्ही काय म्हणाल? तर म्हणाले, आधी जाऊन तर ये."

खोली छान होती. खिडकीतून समुद्र दिसत होता. ताईने एक खुर्ची मास्तरांना दिली, एक स्वतःसाठी ओढली आणि हाताची घडी घालून वाट बघत बसली. आज ती मध्ये बोलणार नव्हती. मास्तरांनी समुद्राकडे बघितलं, ताईकडे बघितलं, परत समुद्राकडे बघितलं.

"काहीतरी बोला ना," शेवटी तीच म्हणाली.

"हं."

"त्या दिवशीसारखं."

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि परत उघडलं. "मोठा आहे समुद्र," ते म्हणाले.

ताई ताडकन उठली आणि दार आपटून खाली आली. मॅनेजरबाई काउंटरवरच होत्या. ताईने एक शब्द न बोलता तिथला फोन स्वतःकडे ओढला आणि खोलीचा नंबर फिरवला.

"हॅलो, मी मॅनेजर बोलतेय," ती आवाज बदलून म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या मिसेसबद्दलचं बोलणं अर्धंच राहिलं. पुढचं ऐकायचं होतं."

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. ज्याला ताईचं सगळं बोलणं पाठ होतं, त्याला हा आवाज ओळखता आला नसेल, हे कसं शक्य होतं?

"ती खाली तिथे आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. समुद्रावर गेलीय."

"मग सांगतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला.

मॅनेजरबाईंनी आपली खुर्ची ताईकडे सरकवली आणि हळूच स्पीकरचं बटण दाबलं.