शाळा सुटल्यावर : वरीलप्रमाणे

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. साथीनंतर आमच्या जिल्ह्यातल्या शाळा उघडल्या, त्या माझ्या योजनेमुळे! हे मी म्हणत नाही, सरकारी परिपत्रकात छापलंय. त्या परिपत्रकात आणखीही काही छापलंय, पण त्याकडे सावकाश येऊ.

मी एका शाळेत उपमुख्याध्यापक आहे आणि भूगोल शिकवतो. मुलांना सुरक्षितपणे वर्गात परत कसं आणायचं, याच्या योजना जिल्ह्याने सगळ्या शाळांकडून मागवल्या, तेव्हा आमचे मुख्याध्यापक "तुम्हीच बघा हो काय ते" म्हणून मोकळे झाले. मग मी बघितलं! बाकीच्या शाळांनी एखाद-दुसरं पान खरडून पाठवलं. मी ग्रंथ लिहिला. नकाशे काढले, तक्ते जोडले, परिशिष्टं लावली. नुसत्या हात धुण्यावर एक प्रकरण होतं, आणि त्यात अंगठ्यावर उपप्रकरण!

योजनेचा प्राण म्हणजे बाण. माणसं समोरासमोर येतात म्हणून साथ पसरते ना? मग समोरासमोर येऊच द्यायची नाहीत! शाळेच्या फरशीवर पिवळे बाण रंगवायचे आणि सगळ्यांनी बाणाच्याच दिशेने चालायचं. इतकं सोपं होतं, फक्त सुचायला भूगोलाचा माणूस लागला.

अर्थातच निवड माझ्या योजनेची झाली. शिक्षणाधिकारी मॅडमनी मला कार्यालयात बोलावून घेतलं. मॅडम अतिशय काटेकोर. त्यांच्या टेबलावरची टाचणीसुद्धा परवानगीशिवाय हलत नाही असं म्हणतात.

"शुक्रवारी तुमच्या शाळेत चाचणी घेऊ," त्या म्हणाल्या. "फक्त पहिलीचा वर्ग, तोही अर्धा. जमलं तर सोमवारपासून सगळ्या शाळा उघडू. नाही जमलं तर पुढच्या सत्रापर्यंत मुलं घरीच."

"जमणारच!" मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण माझी जीभ सैल सुटली. "मॅडम, एका जरी पायाची बोटं बाणाच्या उलट्या दिशेला दिसली, तर चाचणी तिथल्या तिथे नापास करा!"

"करीन," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती आमच्याच शाळेत पहिलीला शिकवते. म्हणजे चाचणी तिच्याच वर्गाची. वर्षभर ती स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून शिकवत होती. मुलांना मोबाइल नीट धरता येत नाही, त्यामुळे एकाचं नुसतं कपाळच दिसायचं, दुसरीच्या घरातला पंखाच फिरताना दिसायचा. तिने त्यांची नावंही तशीच पाडली होती. कपाळ, पंखा, भुवई. "आज पंख्याने कविता छान म्हटली!" असं ती जेवताना सांगायची.

"अहो, पण नक्की उघडेल ना शाळा?" तिने विचारलं.

"माझ्या योजनेवर शंका?"

"शंका नाही हो. पण माझ्या वर्गात कोण उंच, कोण बुटका, तेसुद्धा मला माहीत नाही. वर्ष संपत आलं! पुढच्या सत्रात ती दुसरीत जातील, दुसऱ्या बाईंकडे. मी त्यांना एकदाही न बघता." तिचा आवाज जरा ओला झाला. मग नाक ओढून म्हणाली, "बाण एकदा चालून बघितलेत का?"

"भूगोलाच्या शिक्षकाला दिशा शिकवतेस?" मी म्हणालो आणि तो विषय बंद केला.

बाण रंगवायचं काम खेळाच्या सरांकडे होतं. त्यांना सगळे शिट्टी सर म्हणतात, कारण ते बोलतात कमी आणि शिट्टी जास्त वाजवतात. त्यांनी पुठ्ठ्याचा साचा कापला, मैदानावर धावपट्ट्या आखायचा रंग काढला आणि माझा नकाशा समोर ठेवून सगळी शाळा बाणमय करून टाकली. "सर, हा रंग जन्मात जात नाही," असं ते अभिमानाने म्हणाले. मलाही अभिमान वाटला.

शुक्रवारी मॅडम आल्या. हातात पॅड, नाकावर मास्क, मास्कच्या वर करारी नजर. मुलंही आली. एकामागोमाग एक, मध्ये अंतर राखून, बाण बघत बघत! फाटकातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून नळाकडे, हात धुऊन वर्गात. कुठे धक्का नाही की गोंधळ नाही. मॅडमचं पेन भराभर बरोबरच्या खुणा करत होतं.

बायको वर्गात उभी होती. मुलांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं. आणि कपाळं तर तिला पाठ होती! "अरे, हे तर माझं कपाळ! आणि ही भुवई! पंखा कुठाय?"

"मी पंखा!" एक चिमुरडी हात वर करून ओरडली. मग तिने बाईंना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि थक्क होऊन म्हणाली, "बाई, तुम्हाला पाय आहेत!"

सगळा वर्ग बाईंचे पाय बघायला वाकला. बायको हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. खोटं कशाला बोलू, माझाही चष्मा धुरकटला. पण तो मास्कमुळे.

एवढ्यात कपाळाला शू लागली. हीच खरी परीक्षा! एकटं मूल, अनोळखी शाळा. पण ते वर्गाच्या कोपऱ्यातल्या छोट्या दारातून बाण बघत स्वच्छतागृहात गेलं आणि पुढचे बाण बघत दुसऱ्या बाजूने थेट वर्गात हजर झालं.

"बघितलंत मॅडम?" मी छाती फुगवून म्हणालो. "मूल हरवूच शकत नाही. त्याला शाळेत कुठेही सोडा, शेवटी वर्गातच येतं!"

"वा!" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'वा' निघाल्याची जिल्ह्यात नोंद नसेल.

थोड्या वेळाने आमचे हेडक्लार्क दारात उगवले. एका कागदावर माझी सही हवी होती. मी झोकात सही ठोकली. ते वळले आणि दारातच थबकले. फरशीवरचा बाण आत येणारा होता. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

"सर," ते कुजबुजले, "मी जाऊ कुठून?"

"दुसऱ्या दाराने जा की!"

ते दुसऱ्या दाराशी गेले आणि तिथेही थबकले. तिथलाही बाण आतच येत होता. तेव्हा मला आठवलं. दारात गर्दी होऊ नये म्हणून व्हरांड्याकडची दोन्ही दारं मीच प्रवेशाला दिली होती, आणि स्वच्छतागृहाची वाट तर फिरून वर्गातच येत होती! परिशिष्टात त्यावर टीपही होती. माझा चेहरा पडला, पण तो कोणाला दिसला नाही. मास्कचा हा मोठाच फायदा.

"बसा थोडा वेळ," मी मोठ्याने म्हणालो. "कार्यालयाच्या माणसांनीही कधीतरी वर्ग बघायला हवा!"

हेडक्लार्क पहिलीच्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे कानाला टेकले.

हेडक्लार्क अजून कसे परतले नाहीत म्हणून दुसरा कारकून बघायला आला. तोही वर्गात आला, कारण बाण दुसरीकडे जातच नव्हते! वरचा मजला बंद, बाकीचे वर्ग बंद, त्यामुळे शाळेतला प्रत्येक बाण सरळ पहिलीत येऊन संपत होता. शिट्टी सर आले. बाहेरच्या गाडीजवळ कंटाळलेला मॅडमचा ड्रायव्हर "मॅडम, निघायचं का?" विचारायला आला आणि एकदम मागच्या बाकावर बसला. पंखा त्याला म्हणाली, "काका, हाताची घडी!" त्याने मुकाट्याने घडी घातली.

अखेर शाळा सुटायची वेळ झाली. घंटा झाली. कोणीच हललं नाही. मुलं हलली नाहीत कारण त्यांना जायचंच नव्हतं. मोठी माणसं हलली नाहीत कारण मॅडम समोर होत्या. फाटकाबाहेर पालक वाट बघत होते. त्यांचा जीव वर्षभर टांगणीला लागलेला. घंटा झाली आणि मूल नाही म्हटल्यावर ते कसले थांबतात! आधी एक आई आली, मग दोन बाबा, मग कोणाचे तरी आजोबा काठी टेकत. सगळे शहाण्यासारखे बाणावरून चालत, मध्ये अंतर ठेवून, हात स्वच्छ धुऊन आले, आणि वर्गात शिरून एकमेकांना चिकटून उभे राहिले!

आख्ख्या साथीच्या काळात एवढी गर्दी जिल्ह्यात कुठे झाली नसेल. ती माझ्या सुरक्षित अंतराच्या योजनेने करून दाखवली!

मॅडमनी कोपऱ्यातून, आजोबांच्या काठीशेजारून विचारलं, "सर, बाहेर जायचा मार्ग कोणता?"

"योजनेत आहे मॅडम, सगळं योजनेत आहे!" मी घाईघाईने ग्रंथ उघडला. शेवटच्या पानावर शीर्षक होतं, 'शाळा सुटल्यावर'. त्याखाली एकच शब्द होता, 'वरीलप्रमाणे'.

"वर काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"प्रवेश."

"आणि त्याच्या वर?"

"तोही... प्रवेशच."

काय सांगू तुम्हाला! वर्षभर डोक्यात एकच ध्यास होता, मुलांना शाळेत आणायचं, शाळेत आणायचं. एकदा आलेली मुलं परत घरीही जातात, हे साफ विसरलो होतो. माझ्याच काय, ती योजना मंजूर करणाऱ्या कोणाच्याच ध्यानात ते आलं नव्हतं. मॅडमचीही सही होतीच की खाली!

"चार पावलं बाण मोडून जायचं, एवढंच ना?" एक बाबा वैतागून म्हणाले.

"एक पाऊल जरी मोडलं तरी चाचणी नापास," मॅडम म्हणाल्या. "सरांनीच सांगितलंय तसं. मी लिहून घेतलंय." त्यांच्या आवाजात मजा नव्हती. त्यांनाही शाळा उघडायच्या होत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण मॅडम कसल्या, नियम म्हणजे नियम!

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती मुलांकडे बघत होती, एकेकाकडे, परत भेट होईल की नाही अशा नजरेने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने अचानक टाळी वाजवली.

"मुलांनो, खेळ खेळायचा का?"

"हो!" वर्ग ओरडला. ड्रायव्हरही ओरडला.

"आपण घरी जायचं, पण उलटं! तोंड माझ्याकडे, पायाची बोटं माझ्याकडे, आणि चालायचं मागे मागे. जो वळून बघेल तो बाद!" मग मॅडमकडे वळून अगदी गरीब आवाजात म्हणाली, "मॅडम, बोटं बाणाच्या दिशेनेच राहतील. नियमात बसतं का?"

मॅडमनी पॅडवरचं माझं वाक्य वाचलं. मग परत वाचलं. "पायाची बोटं, असंच लिहिलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "पायांनी कुठे जायचं, ते लिहिलेलं नाही."

आणि मग जी वरात निघाली! आधी शिट्टी सर, मागे मागे जात शिट्टी फुंकत. मग पालक, मग आजोबांचा हात धरून हेडक्लार्क. मग मुलं, आणि सगळ्यात शेवटी बायको. आपला पाय कोणावर पडेल या धास्तीने प्रत्येक जण असं अंतर राखत होता, की माझ्या सगळ्या तक्त्यांनी राखलं नसतं! मॅडम फाइल छातीशी धरून, मान खाली घालून, स्वतःच्या चपलांतली बोटं तपासत उलट्या चालल्या. ड्रायव्हर फाटकावर धाडकन आपटला, तेवढा एक अपघात सोडला तर मोहीम फत्ते.

फाटकाबाहेर मॅडमनी पॅडवर शेवटची खूण केली. ती बरोबरची होती! सोमवारी सगळ्या शाळा उघडल्या.

आता ते परिपत्रक. त्यात कलम आहे : 'शाळा सुटताना विद्यार्थी, शिक्षक व अभ्यागत यांनी वर्गाकडे तोंड करून उलट चालत बाहेर पडावे.' खाली संकल्पना म्हणून माझं नाव! जिल्ह्यातली सगळी शाळकरी मुलं रोज दुपारी उलटी चालत बाहेर पडू लागली, ती माझ्या नावाने. मी त्या कलमासाठी स्वतंत्र शुद्धिपत्रक मागितलं. मॅडम म्हणाल्या, "कशाला? एवढी यशस्वी तरतूद दुसरी कुठलीच नाही."

साथ संपली, कलम रद्द झालं, तरी पहिलीची पोरं अजून तशीच निघतात. त्यांना वाटतं, शाळेतून घरी असंच जायचं असतं. बायको दारात उभी राहून शेवटचं मूल फाटकाबाहेर जाईपर्यंत हात हलवते.

परवा मी तिला विचारलं, "खरं सांग, एवढी वाईट होती का गं माझी योजना?"

"छे हो," ती म्हणाली. "उलट ते 'वरीलप्रमाणे' फारच छान होतं. तुम्ही बाहेरचा रस्ता काढला असता, तर मी रोज त्यांच्या नुसत्या पाठीच बघत बसले असते."

माझ्या ग्रंथाची आजवर झालेली ही एकमेव स्तुती. तीही न लिहिलेल्या पानाची!