तीन आणि शून्याची सरासरी

शुक्रवारी संध्याकाळी दादाच्या उजव्या हाताला कामाची नखं चार होती, प्रत्येकी तीन मिलिमीटर. करंगळी हिशेबात नव्हती, कारण ती गिटारच्या तारेला शिवत नाही. मापं प्रयोगशाळेतल्या कॅलिपरने घेतलेली, म्हणजे पक्की. दादा तिथेच नोकरीला होता.

रविवारी सकाळी बाईंसमोर क्लासिकल गिटारची परीक्षा होती. पन्नासच्या आत गुण पडले, तर बाई क्लासातून नाव काढणार होत्या. त्यांना नखं हवीत तीन मिलिमीटर. पण शनिवारी मित्रांच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक वाजवायची होती, आणि त्यात उजवी बोटं थेट गिटारच्या मानेवर आपटायची. तिथे नख म्हणजे ओल्या फरशीवर नवी चप्पल.

"सोपं आहे," दादा बहिणीला म्हणाला. "तीन आणि शून्याची सरासरी दीड."

"म्हणजे दोन्हीकडे अर्धा-अर्धा नापास."

दादाने कानस चालवली. तर्जनी एक पूर्णांक तीनवर आली, म्हणून बाकीची तिच्याइतकी केली. त्यात अंगठा जास्त गेला. मग त्याच्याइतकी तर्जनी. माकडाने लोण्याची वाटणी करावी तसं चाललं होतं.

"अरे, बोटं तेवढी ठेव," आई आतून ओरडली. "जेवायला लागतील!"

कानस थांबली तेव्हा उरलं होतं शून्य पूर्णांक चार.

शनिवारी बँड दणक्यात झाला. ड्रमवाल्याने मिठी मारली. "काय वाजवलंस रे!" दादा मात्र उजवा हात खिशात घालून, कुणी गेल्यासारखा उभा होता.

"टेबल टेनिसचा बॉल कापून चिकटव," बहीण म्हणाली. "गिटारवाले करतात."

"तो माझा मॅचचा बॉल आहे!" बाबा म्हणाले. तोवर कात्री फिरली होती.

परीक्षेत दादाला दरदरून घाम फुटला आणि गोंदाने हात टेकले. पहिल्याच सुराला अंगठ्यावरून काहीतरी उडून बाईंच्या टेबलावर पडलं.

बाईंनी चष्मा वर केला. "हे काय?"

"नख, बाई."

"तुझं?"

"टेबल टेनिसचं."

"वाजव पुढे."

पुढच्या दोन ओळींत उरलेली तिन्ही गेली. आता नुसती बोटांची टोकं. जोर लावायची हिंमतच होईना. दादा हळू, जपून, झोपलेल्या बाळाजवळून जावं तसा वाजवत राहिला. बाईंनी उठून खिडकी लावली. वाजवून संपलं. दादाने मनातल्या मनात क्लासाचा निरोप घेतला.

"इतके दिवस तारा ओरबाडत होतास," बाई म्हणाल्या. "आज वाजवलंस."

मग त्यांनी ड्रॉवरमधून नेलकटर काढला आणि बाहेर परीक्षेसाठी थांबलेल्या पाच जणांत फिरवायला दिला.

दुपारी निकाल लागला. दादाला शंभरपैकी एक्क्याऐंशी. नखं कापून बसलेल्या त्या पाच जणांत सर्वाधिक एकोणचाळीस.