पहिल्याच पानावरचा हेर

शेवटचं पान मिटून थेल्मा झ्विकरने कपाळावर हात मारला. "मेले मी!"

"कोण मेलं? ती नर्स?" तिच्या नवऱ्याने, लॉईडने, टीव्हीवरच्या हॉकीवरून नजर न काढता विचारलं.

"नर्स कसली मरते! कॅप्टनशी लग्न लागलं तिचं. आणि जर्मनांचा हेर कोण, तर तो दाताचा डॉक्टर! पहिल्याच पानावर बंदराकडे दुर्बीण लावून बसलाय मेला. आपल्या मांजरालाही कळलं असतं."

सोळाव्या वर्षी पांघरुणात लपून वाचलेली ही युद्धातली प्रेमकथा नव्या वेष्टनात पुन्हा निघाली, तेव्हा थेल्मानेच ती वाचनमंडळाच्या गळ्यात मारली होती. चर्चच्या तळघरात भरणाऱ्या त्या मंडळाचा नियम कडक. लागोपाठ तीन पुस्तकं आपटली की निवडायचा हक्क गेला. मग जन्मभर चहा ओतत बसायचं. थेल्माची दोन आधीच आपटली होती. चहा ओतणाऱ्या मर्नाला तर कुणी मतसुद्धा विचारत नसे.

थेल्माला दुर्बुद्धी सुचली. तिने मंडळाच्या सर्वेसर्वा व्हर्ना हर्टलला फोन लावला. "अगं व्हर्ना, तो डॉक्टर नुसता देखावा आहे बरं का! खरा हेर वेगळाच. हुशार माणसालाच सापडतो म्हणे."

"मला काय सांगतेस? मी केव्हाच ओळखला!" व्हर्ना म्हणाली. मागून पुस्तकावरचं प्लास्टिक फाडल्याचा आवाज आला.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. मंगळवारी तळघरात बसायला जागा उरली नाही.

"हेर म्हणजे नर्सची आई!"

"छट्! पाद्री. इतकी लांबलचक प्रार्थना कोण करतं?"

"कॅप्टनच गं बायांनो!" मर्नासुद्धा किटली ठेवून ओरडली. "बोटीवरचा माणूस, आणि त्याला पोहता येत नाही?"

खजुराच्या वड्यांना कुणी हात लावला नाही. नक्की कोण, हे विचारायची मात्र एकीचीही छाती झाली नाही. विचारलं की आपल्याला कळलं नाही हे कबूल करावं लागणार! थेल्माचा जीव भांड्यात पडला.

व्हर्नाने टेबल ठोकलं. "इतकं खोल पुस्तक आपल्याकडे झालंच नव्हतं. थेल्माचा हक्क कायम!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. थेल्मा लाजून उभी राहिली.

"आणि एक आनंदाची बातमी," व्हर्ना पुढे म्हणाली. "याच लेखिकेच्या आणखी अकरा कादंबऱ्या निघताहेत. मी सगळ्या मागवल्यात. थेल्मा, आधी तू वाचायच्या, मग आम्हाला चकवे समजावून द्यायचे. पहिली सातशे पानांची आहे, शनिवारपर्यंत होईल ना गं?"

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. थेल्माच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

"किती हळवी आहे बिचारी!" व्हर्ना म्हणाली, आणि तिने स्वतःचा रुमाल पुढे केला.